शब्दचर्चा: रडारच्या चित्रातल्या ‘बॅकस्कॅटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

भंडारा-गोंदियाच्या धान उत्पादकांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. उपग्रहावरच्या रडारने पीक कसं ओळखतात, हा विषय आहे. मूळ मजकुरात पानोपानी ‘बॅकस्कॅटर’ येतं, म्हणजे रडारने पाठवलेल्या लहरींचा शेतावरून उपग्रहाकडे माघारी येणारा भाग. मी ‘परावर्तन’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘प्रकीर्णन’ केलं. एका कृषी सहायकांना तो मजकूर वाचायला दिला, तर त्यांना दोन्ही शब्द परके वाटले. वाक्य असं आहे: ‘रोवणीनंतर बांधीतून येणारं बॅकस्कॅटर आठवड्यागणिक वाढत जातं.’ (आमच्याकडे रोवणी म्हणजे भाताची लावणी, बांधी म्हणजे खाचर.) इथे कोणता शब्द बसेल? आणि रडारच्या चित्राला ‘उपग्रह छायाचित्र’ म्हटलेलं चालतं का?

उत्तर १

ताई, ‘परावर्तन’ इथे नको, कारण त्याने अर्थाचा अनर्थ होतो. रडार सरळ खाली बघत नाही, तिरक्या दिशेने लहरी पाठवतं. चिखलणी झालेल्या बांधीत पाणी स्थिर उभं असतं. त्यावर पडलेल्या लहरींचं अगदी चोख परावर्तन होतं, पण ते उपग्रहापासून दूर, पलीकडच्या दिशेला. उपग्रहाकडे जवळपास काहीच येत नाही आणि चित्रात ती बांधी काळी दिसते. म्हणजे परावर्तन भरपूर आणि बॅकस्कॅटर नगण्य. तुमच्या पुस्तिकेत दोन्हींना एकच शब्द असेल, तर काळी बांधी बघून वाचक नेमकं उलट समजेल.

रोवणीनंतर काय होतं तेही सांगतो, कारण शब्द त्यावरूनच ठरायला हवा. पऱ्हे, म्हणजे रोपं, लावल्यावर सुरुवातीला चित्र काळंच राहतं. फुटवे येऊ लागले की लहर पाण्यावर आपटते, तिथून उभ्या खोडावर जाते आणि खोडावरून उपग्रहाकडे वळते. पानं वाढली की त्यांच्यातून इकडेतिकडे फाकलेल्या लहरींचाही काही भाग परत येतो. काळी बांधी अशी हळूहळू उजळत जाते. आधी काळी पडणं आणि मग उजळणं ही धानाची खूणच आहे. सोयाबीन किंवा तुरीच्या शेतात पाणी बांधून ठेवत नाहीत, त्यामुळे तिथे ती सुरुवातीची काळी पायरी दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असताना साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह ढगच टिपत बसतो. या लहरी ढगांतून पार जातात, म्हणून खरिपाच्या धानासाठी रडारला इतकं महत्त्व आहे.

उत्तर २

‘प्रकीर्णन’ हा हिंदीतला रूढ शब्द. आपल्या शालेय पुस्तकांत आकाश निळं का दिसतं ते शिकवताना ‘प्रकाशाचे विकिरण’ येतं, तेच घ्यावं. मात्र हिंदीत ‘विकिरण’ म्हणजे आपलं ‘प्रारण’, इंग्रजीतलं ‘रेडिएशन’. गोंदियाच्या सीमेवर हिंदी वाचणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या मनात ‘विकिरण’ म्हणताच क्ष-किरण, अणुभट्टी असलं काही उभं राहील आणि शेतावर काही घातक सोडतात की काय, अशी भीती वाटेल. म्हणून नुसतं ‘विकिरण’ लिहून थांबू नका.

‘परतावा’ सुचवायचा मोह मलाही झाला होता. पण शेतकऱ्यांच्या कागदांत परतावा म्हणजे पैसा. पीकविम्याच्या गावात ‘तुमच्या बांधीचा परतावा वाढला’ हे वाक्य छापणं बरोबर नाही.

माझी सूचना ‘परतीचं विकिरण’. परतीचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ‘परतीचं’ लगेच कळतं. पहिल्यांदा वापराल तेव्हा एका वाक्यात उलगडा करा: रडारने पाठवलेल्या लहरी शेतावर आपटून चहूकडे फाकतात, त्यातला जो भाग उपग्रहाकडे माघारी येतो तो. आणि ‘बॅकस्कॅटर’ हा शब्दही एकदा देवनागरीत द्या. पुढे कुणी नकाशा उघडला तर तिथे तोच भेटणार आहे.

छायाचित्राबद्दल: ‘छायाचित्र’ टाळा. तो शब्द आला की माणूस काळ्यापांढऱ्यात रंग शोधतो, काळं दिसलं की काळी माती समजतो. रडारच्या चित्रात दिसतो तो खडबडीतपणा, ठेवण आणि ओल. ‘रडारचित्र’ किंवा ‘रडारप्रतिमा’ म्हणा.

उत्तर ३

मी जंगलाच्या बाजूने लिहिते. खोड आणि पाणी यांच्या दुहेरी आपटण्याला कुणी ‘दुटप्पी विकिरण’ करू नये, म्हणून आधीच सांगते. टप्पा दोनदा पडतो हे खरं, पण ‘दुटप्पी’चा अर्थ मराठीत कधीचाच ठरून गेला आहे. ‘दोन टप्प्यांचं’ असं सुटं लिहा.

दुसरा शब्द ‘बँड’, म्हणजे रडारच्या लहरींचा लांबीनुसार केलेला गट. त्याला ‘पट्टा’ करतात, आणि त्याच पानावर उपग्रहाने टिपलेला जमिनीचा पट्टाही असतो, वनपट्टाही असतो. त्यापेक्षा सरळ तरंगलांबी सांगा, म्हणजे अर्थही कळतो. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर साधारण ५.६ सेंमी. ती झाडोऱ्याच्या वरच्या पानांत आणि बारीक डहाळ्यांतच अडकते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहावर दोन रडार आहेत. इस्रोच्या रडारची लहर ९ सेंमीच्या आसपास, नासाच्या रडारची सुमारे २४ सेंमी. २४ सेंमीची लहर पानांना फारशी दाद न देता मोठ्या फांद्या आणि खोडांपर्यंत पोचते. त्याआधी, २९ एप्रिल २०२५ ला युरोपचा ‘बायोमास’ उपग्रह गेला, त्याची लहर ७० सेंमीच्या घरात. तो घनदाट उष्णकटिबंधीय अरण्यांच्या लाकडाचा अंदाज घेण्यासाठी आहे.

इतकं वेगवेगळं कशाला, तर जंगल दाट होत गेलं की एका मर्यादेनंतर परतीचं विकिरण वाढेनासं होतं. लाकूड दुप्पट झालं तरी चित्र तेवढंच उजळ राहतं. लहर जितकी लांब, तितकी ही मर्यादा उशिरा येते. इंग्रजीत याला ‘सॅच्युरेशन’ म्हणतात. त्यासाठी ‘संपृक्तता’ हा रसायनशास्त्रातला शब्द वापरतात, पण मी ‘वाढ थांबणं’ असंच लिहिते आणि वाचणाऱ्याला ते समजतं.

सह्याद्रीची चित्रं देणार असाल तर एक इशारा: रडारकडे तोंड केलेला उतार आखडलेला आणि लख्ख दिसतो, पलीकडचा कडा अंधारात जातो. तिथे झाडी नाही असा निष्कर्ष कुणी काढू नये. त्या अंधाराला ‘रडारछाया’ म्हणतात आणि हा शब्द चांगला आहे.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘परतीचं विकिरण’ पक्कं करते. आता ओलीबद्दल एक शंका. पुस्तिकेत एके ठिकाणी ‘ओलं शेत उजळ दिसतं’ आहे आणि दुसरीकडे ‘पाण्यामुळे शेत काळं दिसतं’. दोन्ही कसं खरं?

उत्तर १

दोन्ही खरं आहे, फक्त ‘ओलं’ आणि ‘पाणी’ या शब्दांत ढिलाई नको. मातीच्या कणांत ओल मुरलेली असेल तर तिचा विद्युतगुणधर्म बदलतो आणि परतीचं विकिरण वाढतं. मातीवर पाणी साचून गुळगुळीत पाठ तयार झाली की ते कोसळतं. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘मुरलेली ओल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘साचलेलं पाणी’ लिहा. वाफशावरचं शेत आणि तुंबलेलं शेत यांतला फरक शेतकऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो. पुराच्या नकाशांतही हेच. उघडं पाणी काळं दिसतं, पण उभ्या उसाच्या बुडाशी साचलेलं पाणी काळं दिसेलच असं नाही. उलट दोन टप्प्यांमुळे ते शेत जास्त उजळूही शकतं.

उत्तर २

आणखी एक. हीच पुस्तिका रायगड-रत्नागिरीतही वाटणार असाल, तर तिथल्या प्रतीत ‘बांधी’ ऐवजी ‘खाचर’, ‘रोवणी’ ऐवजी ‘लावणी’ आणि ‘पऱ्हे’ ऐवजी ‘रोपं’ करा. ‘धान’चंही ‘भात’ करायला विसरू नका.