मुलाला 'हळवा' म्हणतात का?

संत्रासाल:
डेटिंग ॲपवरचा बायो मराठीत लिहिला होता : 'चित्रं काढतो, फिकट रंगांचे कुर्ते घालतो, हळवा आहे.' पुण्याच्या एका मुलीशी तीन आठवडे रोज रात्री बोलणं सुरू होतं. परवा तिनं विचारलं, "हळवा म्हणजे जरा काही झालं की रडणारा ना? काढून टाक ते." माझी आजी मला कौतुकानं हळवं पोर म्हणायची, दुसऱ्याचं दुखणं लवकर कळतं म्हणून. पुण्याकडे अर्थ वेगळा आहे का? आणि शब्द काढला तर त्या जागी काय लिहू?

शुद्धलेखक:
संवेदनशील लिहा. मनाचा एखादा कोपरा हळवा असतो. अख्खा माणूस हळवा म्हटला की तोल नसल्याची छटा येते.

बर्डीकर:
संवेदनशील आता माणसाला कोण म्हणते? मतदान केंद्रं संवेदनशील, सणावाराला वस्त्या संवेदनशील. आम्ही मित्र तं सरळ इमोशनल म्हणतो. कोणाला वाईट वाटत नाही.

शुद्धलेखक:
मराठी शब्द असताना इमोशनल कशाला? नागपुरात आधीच निम्मी हिंदी बोलतात.

बर्डीकर:
1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. हिंदी आमच्या घरात वाढली आहे भाऊ, उसनी आणली नाही.

धानाची_बांधी:
हळवा हा शब्द शेतात पाहा. कोकण-मावळात लवकर पिकणारं भात हळवं, उशिरा येणारं गरवं, मधलं निमगरवं. आमच्या भंडाऱ्याकडे हलकं धान, भारी धान म्हणतात. संस्कृत लघु, प्राकृतात अक्षरं उलटून हलुअ, त्यातून हळू, हलका, हळवा. तसंच गुरूपासून गरवा. पाऊस लवकर गेला तर हलकं धान हाती येते, भारी धान बांधीतच वाळते. ह्याला कमजोर कसं म्हणायचं? माझ्या मते हळवा माणूस म्हणजे लवकर भरून येणारा.

शुद्धलेखक:
व्युत्पत्ती मान्य. पण ती मुलगी बायो वाचताना भात आठवणार नाही. आजचा अर्थ आज बोलणारे ठरवतात.

बर्डीकर:
मग इमोशनलला नाही काहून म्हणता?

महालची_मावशी:
मला एक मुलगी, एक मुलगा. दोघंही लहानपणी मेलेली चिमणी पाहून जेवले नव्हते. "पोरगी हळवी आहे हो," असं लोक प्रेमानं म्हणाले. मुलाच्या वेळी म्हणाले, "याला जरा कणखर करा." मीही केलं, त्याचं आज वाईट वाटतं. बाळा, शब्द तोच आहे. पुण्यातही आणि इथंही.

संत्रासाल:
मावशी, आमच्याकडेही तेच. मी भिकबाळी घालायला लागलो तर बाबा म्हणाले, "पोरीसारखा काय नटून राह्यला?"

धानाची_बांधी:
भिकबाळी तर पुरुषांचाच दागिना! आमच्या घरी सांगत, मूल जगत नसलं की भीक मागून आणलेल्या पैशांची बाळी करायची. म्हणून भिकबाळी.

शुद्धलेखक:
ही लोककथा झाली, पुरावा नव्हे.

महालची_मावशी:
माझ्या आजोबांच्या कानात होती. कथा आम्हीही हीच ऐकली. तू कुठल्या कानात घालतोस रे?

संत्रासाल:
उजव्या. वरच्या कडेला. दोन मोती, मध्ये लाल खडा.