विषय: जोशीकाकांचा नाण्यांचा डबा – गुरुवारच्या आत कोणी बघेल का?

सुधा, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,
जोशीकाकांनी आपल्या मंडळाच्या इथल्या, अमेरिकेतल्या लिलावासाठी दिलेला निळा बिस्किटांचा डबा आता माझ्याकडे आहे. लिलावाचं पत्रक गुरुवारी छापायला जातंय आणि सुरुवातीची बोली मला सुचत नाहीये. बाईचा चेहरा असलेली मोठी ११, अध्यक्ष केनेडींचा चेहरा असलेली अर्ध्या डॉलरची १२ आणि बायसनचं (अमेरिकन रानबैलाचं) चित्र असलेली ९ नाणी आहेत. अडलंय ते बायसनवाल्यांवर. त्यांच्यावर 'एक ट्रॉय औंस, .९९९ शुद्ध चांदी' असं कोरलंय, पण माझा काटा प्रत्येक वेळी १.१ औंस दाखवतो. जास्त वजन म्हणजे आत शिसं आहे का? शिवाय किती डॉलरचं नाणं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

मिलिंद

सुधा, काटा बरोबर आहे. स्वयंपाकघरातला औंस २८.३५ ग्रॅमचा, सोन्याचांदीचा ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. भागून बघ, १.१च येतं. काटा ग्रॅमवर लाव आणि तिथेच ठेव.

ती ९ मुळात नाणी नाहीत. त्यांना राउंड म्हणतात, खाजगी टांकसाळीत पाडलेल्या चांदीच्या चकत्या. सरकारी नाण्यावर देशाचं नाव आणि किंमत असते. १९८६ पासून निघणाऱ्या सिल्व्हर ईगल या अमेरिकी सरकारच्या चांदीच्या नाण्यावरसुद्धा 'एक डॉलर' असतंच. या राउंडना चांदीचाच भाव धरायचा.

केनेडीवर वर्ष बघ. १९६४ असेल तर ९० टक्के चांदी, १९६५ ते १९७० असेल तर ४० टक्के. १९७१ पासूनच्या नेहमीच्या चलनातल्यांत चांदी नाही. कडेला तांब्याची लाल रेघ ठळक दिसली तर ती बाजूला काढ.

बाईच्या चेहऱ्याची मोठी ती मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर. प्रत्येकी २६.७३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी ०.७७३४ ट्रॉय औंस. त्या दिवसाच्या भावाने गुणलंस की तळाची किंमत मिळेल. वर किती मिळेल ते वर्षावर आणि टांकसाळीवर. गरुडाच्या बाजूला, पानांच्या माळेखाली टांकसाळीचं बारीक अक्षर आहे का, ते भिंगातून बघ.

वैशाली

रविवारी डबा माझ्याकडे होता तेव्हा दोन नाणी काळी पडलेली दिसली. लक्ष्मीपूजनाचा रुपया घासतो तशी टूथपेस्टने घासली, छान निघाली. बाकीचीही घासून देऊ का? टेबलावर मांडल्यावर चकचकीत दिसायला हवीत.

मिलिंद

वैशालीताई, कळकळीने सांगतो, आता एकाही नाण्याला हात लावू नका. पाणीसुद्धा नको. नाणं पाडताना पृष्ठभागावर जी चमक येते ती घासल्यावर जाते आणि परत येत नाही. मी स्वतः १८८२ चं कार्सन सिटीच्या टांकसाळीतलं नाणं लिंबू-मिठाने धुतलं होतं. विक्रेत्याने ते दिव्याखाली तिरकं धरलं आणि गोल गोल ओरखडे मला दाखवले. आदल्या महिन्यात सांगितलेला भाव त्याने निम्म्यावर आणला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

वैशाली

मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. सजावट समितीकडे वस्तू आली की ती स्वच्छ करून मांडायची, ही दहा वर्षांची पद्धत आहे.

प्रकाश (खजिनदार)

पावतीबद्दल मी आत्ताच स्पष्ट करतो. मंडळ पावतीवर वस्तूंचं वर्णन आणि संख्या लिहील, किंमत लिहिणार नाही. किंमत ठरवणं हे देणाऱ्याचं काम. काकांना ५००० डॉलरच्या वर आयकरात वजावट घ्यायची असेल तर त्यांनी रीतसर मूल्यांकन करून घ्यावं. आणि समितीशी बोलल्याशिवाय भाव या ईमेल लिस्टवर येऊ नयेत.

मिलिंद

प्रकाश, मी भाव टाकलेला नाही, वजनं टाकलीत.

अण्णा

आमच्या आजीकडे पंचम जॉर्जचे रुपये होते. फरशीवर टाकून वाजवून घ्यायची. खणखणीत वाजला तरच बंदा रुपया. एक तोळा वजन, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी.

या डॉलरचं आणि त्या रुपयाचं नातं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडे चांदी पुरेना. १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा केला, चांदीच्या डॉलरची २७ कोटी नाणी वितळवली आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी इंग्रजांना विकली. त्याची भरपाई म्हणून, १९०४ ला बंद पडलेला मॉर्गन १९२१ ला पुन्हा पाडला. सुधा, तुझ्या डब्यात १९२१ ची बरीच असतील बघ.

सुधा, बुधवार

अण्णा, ११ पैकी ८ १९२१ चीच आहेत! एक १८८१, खाली 'एस'. एक १९००, अक्षर नाही.

पण अकरावं बघा. १८८७, खाली 'सीसी'. ग्रॅमवर तीनदा ठेवलं, २२.९ च्या पुढे जात नाही. बाकी सगळी २६.५ च्या वर. ओट्यावर वाजवलं तर बाकीची लांब घुमतात, हे 'टक्' करून थांबतं. वैशालीने घासलेल्यांपैकी हे नाही.

मिलिंद

खोटं आहे. वजन बघायचीही गरज नव्हती. 'सीसी' म्हणजे कार्सन सिटी, आणि १८८६ ते १८८८ मध्ये तिथे डॉलर पाडलेच गेले नाहीत. लिलावात अजिबात ठेवायचं नाही. 'कॉपी' असा ठसा नसलेली नक्कल विकायला इथे कायद्याने मनाई आहे.

प्रकाश

सहमत. पावतीवर मॉर्गन डॉलरची नाणी ११ नाही, १० लिहीन.

सुधा

काकांशी आत्ताच बोलले. ते नाणं त्यांना त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांनी निवृत्त होताना दिलं होतं. खोटं असलं तरी परत हवंय म्हणाले. वेगळ्या पाकिटात घालून शनिवारी मी स्वतः नेऊन देते. वैशाली, बाकीची मऊ कापडावर मांडू, घासायची नाहीत. मिलिंद, भिंग आण.