गालातली गाठ आणि उडालेली झोप

प्रश्न (कोथरूड): गालाच्या आत मसुराएवढी, न दुखणारी गाठ गणपतीपासून तशीच आहे. तंबाखूचे व्यसन नाही, तरीही जीभ सारखी तिथेच जाते आणि रात्री मोबाइलवर नको ते वाचत बसतो. काय करावे?

उत्तर (सदाशिव पेठ): गाल वारंवार दाताखाली आल्याने असा तंतुमय उंचवटा येऊ शकतो व तो निरुपद्रवी असतो, परंतु २ आठवड्यांहून अधिक टिकलेली गाठ, व्यसन असो वा नसो, दंतवैद्यांना दाखवलीच पाहिजे.

उत्तर (धनकवडी): आमच्याकडील भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयातही दाखवता येईल. तुकडा तपासणीसाठी घेतला म्हणजे कर्करोगच ठरला, असे मुळीच नव्हे. जागा बधिर करूनच तो काढतात. तोवर गाठ चाचपू नका, कारण त्याने ती चिडते आणि (स्वानुभव) धास्ती दुप्पट होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्या सकाळचीच वेळ घेतली आहे.