मदत हवी आहे: एकच कादंबरी, ब्रिटिश आणि अमेरिकन प्रतीत शेवट वेगळा

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण दर महिन्याला एक इंग्रजी पुस्तक वाचून त्यावर बोलतो. या वेळी अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' घेतली आणि गप्पांना बसल्यावर कळलं की आमचा शेवटच जुळत नाही!

माझी प्रत अमेरिकन छपाईची, फोर्टच्या फूटपाथवर मिळालेली, पानं पिवळी पडलेली. कादंबरीचा नायक, गुंडगिरी करणारा पोरगा ॲलेक्स, हिंसा सुटावी म्हणून केलेल्या उपचारांनंतर 'बरा' होतो, म्हणजे पुन्हा हाणामारीची स्वप्नं बघू लागतो, आणि पुस्तक संपतं. मैत्रिणीच्या ब्रिटिश प्रतीत पुढे अख्खं प्रकरण आहे. त्यात जुना सोबती पीट बायकोबरोबर भेटतो आणि ॲलेक्सलाही आपलं घर, आपलं मूल असावं असं वाटू लागतं. म्हणजे मी महिनाभर एका वेगळ्याच माणसाबद्दल विचार करत होते.

शोधल्यावर समजलं, १९६२ च्या ब्रिटिश आवृत्तीत सात-सात प्रकरणांचे तीन भाग आहेत. एकूण २१, कारण तेव्हा ते सज्ञान होण्याचं वय होतं. अमेरिकेत शेवटचं प्रकरण गाळलं गेलं, ते १९८६ मध्ये परत आलं. या कादंबरीवरच्या दिग्दर्शक कुब्रिकच्या १९७१ च्या सिनेमातही ते नाही.

आता विचारायचंय ते हे: जुनी पुस्तकं घेताना प्रत कुठली आहे हे तुम्ही कसं तपासता? मी आता तिसऱ्या भागातली प्रकरणं मोजते, पण ऑनलाइन मागवताना काय करायचं? आणि नुसत्या स्पेलिंगचा नाही, असा मजकुराचाच फरक असलेली आणखी पुस्तकं माहीत असतील तर जरूर सांगा. पुढच्या महिन्याचं पुस्तक अजून ठरायचंय.