डॅटसन २४०झेड: १५ इंची चाकं आणि सस्पेन्शन, सल्ला हवा

एल२४_सहासिलिंडर:
गाडी १९७२ची, एस३० (या मॉडेलचं सांकेतिक नाव) बॉडी. स्प्रिंग, स्ट्रट (शॉक अ‍ॅब्झॉर्बर असलेला सस्पेन्शनचा खांब) मूळचेच, बुश (सांध्यांतले रबर) चिरलेत. वापर रस्त्यावरच. वातानाबेची आठ आऱ्यांची चाकं डोक्यात आहेत, १५×८ (व्यास×रुंदी, इंचात), ईटी ० (ऑफसेट शून्य). गाडी दीड इंच खाली हवी, फेंडर कापायचे नाहीत. बसतील का? स्प्रिंग किती कडक घेऊ?

मागचा_स्ट्रट:
मूळच्या स्ट्रटवर आठ इंची विसरा. ईटी ० असेल तर निम्मी रिम आत, निम्मी बाहेर: सात इंचीला दोन्हीकडे ८९ मिमी, आठ इंचीला १०२. हे वाढीव १३ मिमी मागे आतल्या अंगाला नडतात, कारण स्प्रिंगची बशी टायरला आडवी येते. ती कापून अडीच इंच व्यासाच्या स्प्रिंगचे कॉइलओव्हर (स्ट्रटभोवतीच बसणारी बारीक स्प्रिंग) बसवले तरच जागा होते. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर फेंडरच्या कडेला आणि खालच्या व्हॅलन्सला (बंपरखालच्या पत्र्याला) लागतो.

१५×७ ईटी ० घ्या, टायर २०५/६० आर १५. व्यास ६२७ मिमी, म्हणजे १९५/७० आर १४ इतकाच.

कॅम्बर_उणे_दीड:
रिमबद्दल सहमत, टायरबद्दल नाही. दीड इंच खाली गेल्यावर २०५/६० पुढे घासायची शक्यता बरीच. १९५/६० आर १५ बघा: व्यास ६१५, स्पीडोमीटर दोनेक टक्केच पुढे पळेल. १९५/५० मात्र नको. ५७६ मिमीचा टायर कमानीत हरवतो, मग ती फट भरायला गाडी आणखी खाली नेली जाते आणि तिथून सगळं बिघडतं.

मागचा_स्ट्रट:
हो, १९५/६० जास्त सुरक्षित. तरी चाकं सगळ्यात शेवटी घ्या. आधी सस्पेन्शन लावा, मग स्प्रिंग काढून जॅकने हब बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) उचला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. आत स्ट्रटपर्यंत, बाहेर फेंडरच्या ओठापर्यंत अंतर मोजा, चारही कोपऱ्यांत. इतक्या जुन्या बॉडीत डावं-उजवं सारखं निघेलच असं नाही.

इन्सर्टवाला:
स्प्रिंग: रस्त्यासाठी ३.५ ते ४ किलो/मिमी पुरे. मूळची याच्या निम्मीही नाही, त्यामुळे जुन्या डँपरवर (शॉकवर) ही लावली तर गाडी नुसती उड्या मारेल.

नुसत्या आखूड स्प्रिंग टाकू नका. गाडी ३८ मिमी खाली आली की डँपरचा दांडा तेवढाच आत जातो, प्रवास संपतो आणि वळणात गाडी बंप स्टॉपवर आदळून एकदम सुटते. स्ट्रटची नळी तेवढीच आखूड करून वेल्ड करा आणि आखूड इन्सर्ट (नळीत बसणारा तयार डँपर) घाला. वरचे आटे शाबूत राहायला हवेत. इन्सर्ट नळीपेक्षा लहान असेल तर तळाशी स्पेसर द्या. ग्लँड नटने (नळीच्या तोंडाच्या नटने) इन्सर्ट घट्ट दाबला गेला नाही तर खडखड ठरलेली. नळीत थोडं ऑइल घाला, उष्णता बाहेर जायला. काठोकाठ नको.

खालचा आर्म वर तोंड करून बसला की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) फार खाली जातं, म्हणून स्ट्रट आणि स्टिअरिंग आर्मच्या मध्ये २० ते २५ मिमीचा स्पेसर, सोबत लांब बोल्ट.

एल२४_सहासिलिंडर:
बुश सगळे पॉलियुरेथेनचे करू का?

कॅम्बर_उणे_दीड:
टीसी रॉड (पुढचा खालचा आर्म पुढे-मागे हलू न देणारा दांडा) सोडून करा. तिथे दोन्ही बाजूंना कडक बुश घातले की रॉडला हलायला वाव उरत नाही, तो वाकत राहतो आणि आट्यांपाशी तुटतो. तिथे रबरच ठेवा. बाकी कुठे रबर ठेवलं, तर त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. हवेत आवळलेला बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

खरी कसोटी मागच्या आर्मच्या स्पिंडल पिनची (आर्म स्ट्रटला जोडणाऱ्या लांब पिनची). मधला लॉक बोल्ट आधी काढा. पिन गंजून धरलेली असते, हातोडा घातलात की टोक फुलतं आणि मग ती अजिबात निघत नाही. पुलर किंवा प्रेस वापरा, नव्या पिना आधीच आणून ठेवा.

इन्सर्टवाला:
जुनी तीन तुकड्यांची चाकं मिळाली तर जोडाचं सीलंट उकरून नवं भरा, हवा तिथूनच जाते. मॅग्नेशियमची जुनी चाकं रस्त्यावर नकोत. नट एम१२×१.२५, चाकाला टेपरवाले लागतात की सपाट वॉशरचे, ते विकणाऱ्याकडून नक्की करून घ्या. साधारण ८५ न्यूटन मीटरला आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.