भाणाला (पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्याला) लाकडं भरू की गीझर घेऊ? पावसाआधी ठरवायचंय, मदत हवी

सांजवेळ: आंघोळीच्या पाण्याला नक्की काय स्वस्त पडतं? लाकूड, गॅस की वीज? लाकूडवाला एक-दोन दिवसांत पिकअप आणतो म्हणतोय, यंदा गाडीचे सहा हजार. हो म्हणू की नको? नेटवर शोधलं तर सगळे थंड देशांतल्या खोल्या गरम करायचे हिशोब देतात, त्यांचं काय लोणचं घालू? सोलार सुचवू नका, ते बघून झालंय. आकडे द्या, भाषण नको.

माडाखाली: लाकूड विकत कशाला? आमच्याकडे भाणाखाली सोडणं (नारळाची सालं), चुडतं (माडाच्या झावळ्या), करवंट्या जातात. कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) एवढं पडतं की वर्षभर एक पैसा लागत नाही. आणि भाणातल्या पाण्याची सर गीझरला नाही, लिहून घ्या.

पाना_पक्कड: घरात माणसं किती? तेच सांगितलं नाहीत.

सांजवेळ: पाच. आणि @माडाखाली, कुळागर असतं तर इथे विचारलं असतं का?

पाना_पक्कड: मग घ्या आकडे. माणशी २० लिटर धरून १०० लिटर पाणी. ते १५ अंशांनी तापवायला पावणेदोन युनिट वीज, टाकीतून वाया जाणारं धरून दोन. गॅस गीझरला साधारण १७० ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर ऐंशी-एक दिवस. भाणाखालची बरीचशी उष्णता धुराबरोबर आणि चुलीच्या तोंडातून निघून जाते, त्यामुळे सुकं लाकूड दोन ते पावणेतीन किलो. गाडीत खरोखर एक टन माल असेल तर दिवसाला पंधरा रुपये झाले. सिलिंडर नऊशेला धरला तर गॅसचे अकरा. विजेचं तुमच्या स्लॅबवर आहे, युनिट चार रुपयांनी पडलं तर आठ. थोडक्यात, विकतचं लाकूड तिघांत महाग.

माडाखाली: आणि गीझर फुकट येतो वाटतं?

पाना_पक्कड: गाडीत टन असतो हे तरी कोणी बघितलंय? वजनकाट्यावर न्या एकदा. ओलं लाकूड असेल तर तुम्ही पाण्याचेच पैसे मोजताय, आणि ते पाणी वाफ करायला पुन्हा लाकूड जाळताय.

काजूबी: परड्यात जुना काजू वगैरे असेल तर तोडून टाका, दोन वर्षांची सोय होईल.

डोंगराआड: असा सल्ला देऊ नका हो. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा आहे, १९८४ चा. स्वतःच्या परड्यातलं झाड असलं तरी वनखात्याची परवानगी लागते.

काजूबी: माडाला नाही लागत.

डोंगराआड: कुठल्या जमान्यात आहात? २०१६ ला दुरुस्ती करून माडाला झाडाच्या व्याख्येतून काढला होता, केवढी बोंब झाली तेव्हा. नंतर परत घातला.

सांजवेळ: माड राहू दे बाजूला! मग गॅस गीझर घेते, ठरलं.

मावशी_फोंडा: ताई, न्हाणीत आत लावू नका बरं. बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणसाला कळतसुद्धा नाही. बाहेरच्या भिंतीवर लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या.

पाना_पक्कड: बरोबर. टाकी किती उंचीवर आहे?

सांजवेळ: विहिरीचं पाणी पंपाने न्हाणीबाहेरच्या सिमेंटच्या टाकीत येतं. जमिनीवरच आहे. कौलारू घरावर टाकी कुठे ठेवणार? का?

पाना_पक्कड: अहो, हे आधी सांगायचं ना! दाब नसला तर गॅस गीझर पेटतच नाही. विजेच्या गीझरमध्येही पाणी चढायला दाब लागतो. आधी लोखंडी स्टँड करून टाकी वर न्या. तोवर दोन्ही गीझर शोभेचे.

काजूबी: त्यापेक्षा भाणातच रॉड सोडा. काम संपलं.

पाना_पक्कड: माणूस संपेल! तांब्याचं भांडं, ओली जमीन आणि रॉड? प्लॅस्टिकच्या बादलीत, अर्थिंग तपासून, आणि बटण बंद केल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

सांजवेळ: संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, कधीकधी १८० वर. त्याने बिल वाढतं का?

पाना_पक्कड: नाही. २ किलोवॉटचा गीझर तेव्हा सव्वा किलोवॉटच्या आसपास काम करतो. वेळ जास्त लागतो, युनिट जवळपास तेवढेच. पण न्हाणी बाहेर आहे तर लाइन वेगळी ओढून घ्या, १६ अँपियरची.

तांबडी_माती: भाण काळं पडलं असेल तर सोलं (आमसुलं) आणि मीठ लावून घासा, आरशासारखं होतं. बाजारातली पावडर घेऊ नका.

माडाखाली: हे कोणी विचारलं होतं?

तांबडी_माती: तुमचं कुळागर तरी कोणी विचारलं होतं?

सांजवेळ: लाकूडवाल्याला अर्धीच गाडी सांगितली. म्हणतो, अर्ध्याला साडेतीन हजार. स्टँडचं कोटेशन आलं की विजेच्या गीझरचं बघते, सासूबाईंना सिलिंडरची भीती वाटते.

मावशी_फोंडा: साडेतीनला घेऊ नका, शेजारच्यांना विचारून दोघांत एक गाडी उतरवा. आणि लाकडं उतरली की लगेच पडवीत घ्या, एकदा भिजली की गणपतीपर्यंत धूरच खाल.

काजूबी: पण सोलार का नको, ते नाही सांगितलंत.