एका पीसीवरून व्हीएम पिंग होतं, शेजारच्यावरून नाही

प्रश्न:
मंडळी, तीन दिवस याच्याच मागे आहे. ईएसएक्सआय होस्टला (ज्या सर्व्हरवर आमची व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात) १ गिगाबिटच्या दोन केबल, सिस्को स्विचच्या पोर्ट २३ आणि २४ वर. वेग वाढेल म्हणून दोन्ही पोर्ट चॅनलमध्ये टाकले, म्हणजे दोन तारांची मिळून एक जोडणी केली. मोड ॲक्टिव्ह ठेवला तर चॅनल उभाच राहीना. मोड ऑन केल्यावर लगेच वर आला. होस्टवर साधा स्टँडर्ड व्हीस्विच (होस्टच्या आतला सॉफ्टवेअर स्विच) आहे. आता अकाउंट्सचं व्हीएम .२१ वरून (आयपीचा शेवटचा आकडा .२१ असलेल्या पीसीवरून) पिंग होतं, .२२ वरून नाही, .२३ वरून परत होतं. केबल बदलून झाल्या, फायरवॉलही बघितला.

प्रतिसाद १:
व्हीस्विचच्या टीमिंगमध्ये (दोन नेटवर्क कार्डं एकत्र वापरायच्या सेटिंगमध्ये) लोड बॅलन्सिंग काय निवडलंय?

प्रश्नकर्ता:
हातच लावला नव्हता. ओरिजिनेटिंग व्हर्च्युअल पोर्ट दिसतंय.

प्रतिसाद २:
मग दुखणं तिथेच आहे. त्या सेटिंगमध्ये होस्ट प्रत्येक व्हीएमला एकच नेटवर्क कार्ड नेमून देतो. स्विचला मात्र २३ आणि २४ मिळून एकच तार वाटते, त्यामुळे व्हीएमकडे जाणारं पॅकेट तो हॅशप्रमाणे (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्याप्रमाणे) कुठल्याही पोर्टातून सोडतो. व्हीएम ज्या कार्डावर नाही तिथे आलेलं पॅकेट होस्ट टाकून देतो. .२१ चा हॅश नेमका जुळला, .२२ चा नाही.

चॅनल ठेवायचा तर होस्टच्या लोड बॅलन्सिंगमध्ये आयपी हॅश लावा आणि स्विचवर मोड ऑनच राहू द्या. ॲक्टिव्ह मोड एलएसीपी वापरतो, म्हणजे दोन्ही बाजू आपसात बोलून चॅनल उभा करतात. स्टँडर्ड व्हीस्विचला एलएसीपी येत नाही, त्यासाठी डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो. म्हणूनच ॲक्टिव्ह चाललं नाही.

पण मी तुमच्या जागी असतो तर चॅनल काढूनच टाकला असता. आयपी हॅश लावला तरी एका पीसीचं एका व्हीएमशी बोलणं एकाच तारेवरून जातं, म्हणजे एखादी मोठी फाइल काही दुप्पट वेगाने जाणार नाही.

काढताना आधी २४ शटडाउन करा, सगळं २३ वर येईल. २४ चॅनलमधून बाहेर काढा, साधा ट्रंक (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क, वाहणारा पोर्ट) करा, चालू करा. मग तेच २३ ला. दोन्हींवर ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट ट्रंक’ (लूप तपासत न थांबता पोर्ट लगेच चालू करणारी कमांड) विसरू नका. नुसतं ‘पोर्टफास्ट’ ट्रंक पोर्टवर लागू होत नाही. ते नसेल तर लिंक परत आली की होस्ट लगेच तिच्यावर व्हीएम हलवतो आणि स्विच ३० सेकंद लिसनिंग-लर्निंगमध्ये पोर्ट अडवून धरतो.

आणखी एक, कळकळीने सांगतो: नवीन व्हीलॅन देताना ‘अलाउड व्हीलॅन’च्या पुढे ‘ॲड’ लिहाच. एकदा भर दुपारी माझ्याकडून तो शब्द राहिला. ट्रंकवर फक्त नवा व्हीलॅन उरला, बाकी सगळे व्हीएम गप्प. स्विचचं मॅनेजमेंटही त्याच ट्रंकवर होतं, त्यामुळे कन्सोल केबल घेऊन रॅकपाशी पळावं लागलं.

प्रश्नकर्ता:
चॅनल काढला. .२२ वरून पिंग लागला! होस्ट रीबूट करूनही बघितला, तो वर आल्यावर सगळ्या पीसींवरून पिंग लागतोय. मनापासून आभार.

प्रतिसाद २:
रीबूटने केबल तपासली जात नाही. व्हीएम चालू असताना २३ ची केबल उपटून परत लावा, पिंग लावून ठेवा.

प्रश्नकर्ता:
केलं. उपटल्यावर एक पिंग हुकला, लावल्यावर एकही हुकला नाही.